‘सोपस्कार उरकले’ : सोसायटी ग्रुपवरची सकाळ

बी-४०२ ताई, ९.१२ : सेक्रेटरी काका, कालचा मेसेज आत्ता वाचला. ‘बी-४०२ मधील नानांच्या अंत्यविधीचे सोपस्कार सकाळी उरकले. लिफ्ट सर्वांसाठी सुरू आहे.’ उरकले? आईने नानांचा चष्मा पदराने पुसून त्यांच्या खिशात ठेवला, तेव्हा कुठे त्यांना उचलू दिलं. हे सोपस्कार?

सेक्रेटरी, ९.२० : ताई, वाईट हेतू अजिबात नव्हता 🙏 नीट मराठीत लिहावं म्हणून तो शब्द घातला. फ्लॅट ट्रान्सफरच्या पत्रातही आपण ‘सर्व सोपस्कार पूर्ण’ असंच लिहितो.

बी-४०२ ताई, ९.२१ : तेच म्हणतेय. नाना म्हणजे ट्रान्सफरची फाइल नव्हेत.

सी-२०३ काकू, ९.२४ : बोर्डावरच्या कागदावरही तेच लिहिलंय. तो आधी काढा.

ए-५०३, ९.२६ : मी तर इतकी वर्षं सोपस्कार म्हणजे सोपे केलेले संस्कार समजत होतो 😀

सी-२०३ काकू, ९.२७ : अरे, वेळ काय, बोलतोस काय!

ए-५०३, ९.२८ : सॉरी ताई. खरंच तसं वाटायचं. सर, तुम्हीच सांगा.

ए-१०१ सर, ९.४१ : मूळ शब्द स + उपस्कर. उपस्कर म्हणजे सामग्री, घरातली अवजारं, स्वयंपाकातला मसालासुद्धा. मनुस्मृतीच्या ३ऱ्या अध्यायात चूल, पाटा, उखळ आणि पाण्याचा घडा यांच्या जोडीला ‘उपस्कर’ येतो, तिथे केरसुणी वगैरे असा अर्थ करतात. म्हणजे सोपस्कर म्हणजे सगळ्या साहित्यासकट. मराठीत त्याचं सोपस्कार झालं आणि साहित्याचा अर्थ मागे पडून रीतसर करायच्या गोष्टी एवढा उरला. म्हणून कायदेशीर सोपस्कार, कागदोपत्री सोपस्कार.

संस्कारही ‘कृ’ धातूवरूनच आलाय, पण संस्कार माणसावर होतो. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत १६ मोजतात. आणि विधी म्हणजे घालून दिलेली रीत, नियम. म्हणून तर कायदे करणारं ते विधिमंडळ.

ए-५०३, ९.४४ : म्हणजे लग्नाचे सोपस्कार म्हणायचं नाही?

ए-१०१ सर, ९.४७ : खुशाल म्हणा. ‘सोपस्कार पार पडले’ कानाला खटकत नाही. ‘उरकले’ आलं की मागे घाई लागल्यासारखं वाटतं. धुणं उरकावं, भांडी उरकावीत. ताईंना तेच लागलंय. चष्मा खिशात ठेवणं कुठल्या पोथीत नाही, त्याला यातला एकही शब्द पुरणार नाही.

सी-२०३ काकू, ९.५० : सगळं बरोबर. पण बोर्डावरचा कागद काढा.

सेक्रेटरी, ९.५३ : काढतो हो. सात वर्षं हे काम बिनपगारी करतोय. परवा रात्री अडीचला अँब्युलन्ससाठी गेट मीच उघडलं, वॉचमन जागेवर नव्हता. तेव्हा शब्द तपासायला कुणी आलं नव्हतं.

बी-२०१, ९.५५ : वॉचमनचा विषय मी मीटिंगमध्ये दोनदा काढलाय, मिनिट्स बघा.

बी-४०२ ताई, ९.५८ : काका, ते कसं विसरेन? स्ट्रेचरची पुढची बाजू तुम्ही धरली होती. म्हणून तर तुमच्या हातून हा शब्द आला याचं जास्त वाईट वाटलं.

सेक्रेटरी, १०.०४ : चुकलं माझं. असं लिहू? ‘बी-४०२ मधील नानांवर काल सकाळी अंत्यसंस्कार झाले. सोसायटी कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.’

बी-४०२ ताई, १०.०६ : हो. लिफ्टचं वेगळं लिहा.

सेक्रेटरी, १०.०८ : बाराव्याला टेरेस तुम्हाला दिलाय, त्याचीही नोटीस काढायची आहे. सर, तिथे काय लिहू?

ए-१०१ सर, १०.११ : ‘बाराव्याचे विधी टेरेसवर होतील.’ एवढं पुरे.

सी-२०३ काकू, १०.३० : आत्ता खाली जाऊन आले. कागद अजून तिथेच आहे.