ईआरसीपीनंतर उजवा खांदा दुखतोय, तातडीने मदत हवी

मीनल_०७: बाबांची परवा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीचं काम) झाली, पित्तनळीतला स्टेंट, म्हणजे आतली नळी, बदलला. कालपासून उजवा खांदा इतका दुखतोय की कुशीवर वळता येत नाही. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणतात गॅस. गॅस खांद्यात जातो का? पटकन सांगा.

घाटावरची_मैना: जातो! सासूबाईंना पित्ताशय काढल्यावर गेला होता. ओवा-सैंधव द्या.

जुना_रेसिडेंट: ती लॅप्रोस्कोपी, त्यात पोटात गॅस भरतात. मीनल, ताप? लायपेज (स्वादुपिंडाला सूज आली का ते बघायची रक्ततपासणी)? एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन? आणि स्टेंट मुळात कशासाठी?

मीनल_०७: ताप नाही, लायपेज नॉर्मल. एचबी ११.४ होतं, आज ८.९. ट्रान्सप्लांटच्या जोडाशी पित्तनळी आवळलीय, दर तीन महिन्यांनी स्टेंट बदलतात.

जुना_रेसिडेंट: लिव्हर ट्रान्सप्लांट?? अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! स्टिरॉइड चालू असेल तर ताप दबतो. रक्त पातळ करणारं काही?

मीनल_०७: ऍस्पिरिन ७५. रोजचीच आहे म्हणून लिहिली नाही.

निसर्गवेडा: गुळवेलीचा काढा द्या, प्रतिकारशक्ती वाढते.

जुना_रेसिडेंट: त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय, टॅक्रोलिमस असतं कशाला! आणि गुळवेलीने लिव्हर बिघडल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी छापल्यात.
मीनल, आत्ताच सीटी मागा. गाइडवायर खोल जाऊन बारीक शीर फुटली, तर लिव्हरच्या कवचाखाली रक्त साचतं आणि कळ खांद्यात येते. क्वचित होतं, पण एचबी असं उतरल्यावर गॅस म्हणून सोडू नका. आणि मनाने कॉम्बिफ्लॅम नको, टॅक्रोलिमसवर किडनी जाईल.

खवचट_काका: म्हणून सांगतो, पीटीबीडी बरी. मेव्हण्याला पित्त बाहेर काढायला बरगडीतून नळी घातली, सहा महिने पिशवी कमरेला, पण माणूस ठणठणीत.

जुना_रेसिडेंट: त्यात तर सुई थेट लिव्हरमधूनच जाते, काका.

खवचट_काका: मेव्हणा तुमचा की माझा?

पैसा_वसूल: मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज केलात का?

मीनल_०७: सीटी झाला. कवचाखाली रक्तच आहे, आठ सेंमी. मोठे सर येऊन गेले. ऍस्पिरिन बंद, अँटिबायोटिक सुरू, दर सहा तासांनी एचबी. उतरत राहिलं तर अँजिओ करून शीर बंद करणार. दोन पिशव्या ओ पॉझिटिव्ह सांगितलंय, कोणी आहे का?

घाटावरची_मैना: मी ओ पॉझिटिव्ह. पण बाई, गाव कुठलं ते सांगशील का?