मदत हवी आहे : 'अ फार क्राय फ्रॉम' मराठीत कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

एका आत्मकथनाचा मराठी अनुवाद करते आहे आणि एका वाक्यापाशी आठवडाभर अडले आहे. देश सोडून गेलेली बाई नव्या जागेबद्दल लिहिते: 'लाइफ हिअर वॉज अ फार क्राय फ्रॉम व्हॉट वी हॅड बीन प्रॉमिस्ड.' पहिल्या खर्ड्यात मी 'क्राय' म्हणजे रडणं असं धरून चालले आणि 'इथलं आयुष्य म्हणजे कबूल केलेल्या सुखासाठीचा दूरचा आक्रोश होता' असं लिहिलं. बाई दुःखात आहे, त्यामुळे ते शोभूनही दिसत होतं. संपादकांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढून पान परत पाठवलं.

शब्दकोशात 'खूप वेगळं' एवढाच अर्थ मिळाला. मग 'जमीन-अस्मानाचा फरक' घालून पाहिलं. अर्थ पोचतो, पण अंतर नाहीसं होतं, आणि ही बाई तर पुस्तकभर अंतराबद्दलच बोलते आहे. त्यात शेवटच्या प्रकरणात ती हाच वाक्प्रयोग आनंदाने वापरते: मुलीचं उजेडाचं घर आपल्या पहिल्या अंधाऱ्या खोलीपासून 'अ फार क्राय' आहे म्हणून. चांगल्या अर्थीही चालतो का हा? दोन्हीकडे एकच शब्दयोजना ठेवता आली तर हवी आहे.

प्रतिसाद

'क्राय' म्हणजे इथे हाक. हाक मारली तर ऐकू जाणार नाही इतकं लांब, हा मूळ अर्थ. आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो, त्याच्या अगदी उलट. जुन्या इंग्रजीत तो खऱ्याखुऱ्या अंतरासाठीच यायचा. स्कॉटलंडमधल्या लॉख ऑ या सरोवराचा परिसर हा तिथल्या कॅम्बेल घराण्याचा मूळ मुलूख. 'तिथवर हाक लांबची आहे' अशी स्कॉटिश म्हण होती, म्हणजे तिथे पोचणं सोपं नाही. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या कादंबरीत ती सापडते. त्या म्हणीत पुढे 'टू' येतं. आजच्या वापरात बहुतेक 'फ्रॉम' येतं आणि अंतराची जागा फरकाने घेतलेली असते.

चांगल्या-वाईटाचं म्हणाल तर दोन्हीकडे चालतो. 'फ्रॉम'नंतर जे येतं ते मोजमाप: दिलेला शब्द, जुने दिवस, मनातली अपेक्षा. त्यापासून लांब जाणं सुखाचं की दुःखाचं, हे त्या मोजमापावर ठरतं. 'जमीन-अस्मानाचा फरक' तुम्हाला खटकला तो बरोबरच आहे. त्यात दोन गोष्टी समोरासमोर ठेवून तुलना होते. इथे माणूस एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकाकडे बघतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आपला 'कोस' संस्कृत 'क्रोश'वरून आला, आणि क्रोश म्हणजे मुळात हाक, ओरडणं. हाक जिथवर ऐकू जाते तेवढं अंतर तो क्रोश. पुढे त्याचं माप ठरलं, कुठे ४००० हात, कुठे ८०००, आणि चार क्रोशांचं एक योजन. तुमच्या खर्ड्यातला 'आक्रोश' त्याच धातूचा! म्हणजे इंग्रजीने जी कल्पना 'क्राय'मध्ये ठेवली, तीच आपल्याकडे कोसात आहे. 'कबूल केलेल्या आयुष्यापासून इथलं जगणं कोसन्‌कोस दूर होतं' असं लिहून बघा. 'कोसो दूर' टाळा, ते हिंदी वळण आहे. आणि बाईचा सूर तळमळीचा असेल तर 'कुठे ते कबूल केलेलं आयुष्य आणि कुठे हे!' हेही पक्कं मराठी आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार! कोस आणि क्रोश यांचं नातं माहीत नव्हतं, आज दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. पहिल्या प्रकरणात 'कोसन्‌कोस दूर' पक्कं केलं, वाचताना एकदम जागेवर बसलं. 'कुठे ते, कुठे हे' दोनदा लिहून खोडलं. ही बाई तक्रारीतही आवाज चढवत नाही, तिच्या तोंडी ते उद्गारचिन्ह नको वाटलं.

शेवटच्या प्रकरणात सध्या असं आहे: 'लेकीचं घर माझ्या त्या पहिल्या खोलीपासून कोसन्‌कोस दूर होतं.' पण मुलगी त्याच शहरात राहते, तेव्हा वाचणाऱ्याला हे खरंच लांबचं घर वाटेल का? 'कोसन्‌कोस पुढे' केलं तर कोस राहतो आणि आनंदही कळतो. कुणाच्या कानाला खटकतंय का, तेवढं सांगा.