रक्तात कॅल्शियम जास्त, मग आईची हाडं ठिसूळ कशी?

पंचवटीकर:
आई ६१ वर्षांची आहे, मागच्या महिन्यात बादली उचलताना हात नुसता ओट्यावर आपटला आणि मनगट मोडलं, इतकं सुजलं की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. रक्त तपासलं तर कॅल्शियम ११.४ आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) १५२, दोन्ही जास्त, डॉक्टर म्हणतात पॅराथायरॉइड जास्त काम करतेय. कॅल्शियम एवढं आहे तर हाड मोडलं कसं? आणि गुडघ्यांसाठी दोन वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं काय करू? खूप काळजी वाटतेय.

सिडकोची ताई:
दादा, ते कॅल्शियम हाडांतूनच आलंय. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या हाडांतून थोडं काढून देतात आणि पुरेसं झालं की थांबतात. बहुतेक वेळा त्यातली एकच ग्रंथी वाढते आणि तिचं थांबणंच बंद होतं. माझं २०१९ ला हेच झालं. हाडाचं बाहेरचं टणक कवच आधी झिजतं म्हणून डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) करताना मणका आणि खुब्यासोबत हाताचाही करा असं मुद्दाम सांगा, माझा मणका ठीक होता पण हाताचा टी-स्कोर (घनतेचा आकडा) उणे ३.१, म्हणजे हाड बरंच ठिसूळ निघालं. गोळ्यांचं आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. दूध एकदम बंद करू नका, पाणी मात्र भरपूर द्या, आपल्याकडे उन्हाळा किती कडक असतो माहितीच आहे.

लॅबवाला, नाशिकरोड:
व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम पण बघायला सांगा. डी कमी असेल तर पीटीएच अजून वर जातो. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर तेही सांगा, काही गोळ्यांनी कॅल्शियम वाढतं.

पंचवटीकर:
बीपीची गोळी नाहीये. पण तिला दोनदा मूतखडा झाला होता, त्याचा याच्याशी संबंध असेल असं कुणी बोललंच नाही. ऑपरेशन करावंच लागतं का हो ताई?

सिडकोची ताई:
मूतखडा आणि हे फ्रॅक्चर दोन्ही डॉक्टरांना सांगा, अशा वेळी बहुतेक ऑपरेशनच सुचवतात. आधी सेस्टामिबी नावाचा गळ्याचा स्कॅन करून कुठली ग्रंथी ते शोधतात. ऑपरेशननंतर हाडं हळूहळू भरतात, माझी दोन वर्षांनी बरीच सुधारली. फक्त पहिले काही दिवस जपा, भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, तेव्हा डॉक्टरच गोळ्या देतात. माझ्या ओठांभोवती आणि बोटांना रात्री मुंग्या आल्या होत्या, आईंना तसं झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.