रंगवलेल्या केसांसाठी सलॉनमधली बॉन्ड रिपेअर ट्रीटमेंट घ्यावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पांढरे केस झाकायला मी बरीच वर्षं घरीच गडद तपकिरी रंग लावते. त्याचा कधी त्रास झाला नाही. यंदा उन्हाळ्यात सलॉनमध्ये जाऊन पहिल्यांदाच हायलाइट्स, म्हणजे काही बटा ब्लीचने फिक्या करून घेतल्या, मधाच्या रंगाच्या. रंग इतका छान आला की ऑफिसात दोघीतिघींनी पार्लरचा पत्ता मागितला. पण पुढच्या काही आठवड्यांत त्या बटांचा पोतच बदलला. कोरड्या असताना फारसं जाणवत नाही, न्हाल्यावर कळतं. ओला केस दोन बोटांत धरून ताणला की रबरासारखा लांबत जातो, सोडला तरी पूर्वीइतका आखूड होत नाही आणि जरा जास्त ओढला की तुटतो. शेजारचा ब्लीच न केलेला केस ताणून सोडला तर मुकाट जागेवर येतो. भांगाच्या दोन्ही बाजूंना चार बोटं लांबीचे तुटके केस उभे राहायला लागलेत. कंगव्यात तुकडेच जास्त मिळतात, मुळाशी पांढरा ठिपका असलेले केस कमी. म्हणजे हे गळणं नव्हे, तुटणं आहे.

सलॉनवाल्यांना दाखवल्यावर त्यांनी बॉन्ड रिपेअरचं, म्हणजे केसाला आतून घट्ट धरणारे तुटलेले बंध जोडण्याच्या ट्रीटमेंटचं, चार सिटिंगचं पॅकेज सुचवलं. एका सिटिंगचे साडेतीन हजार. ‘तुटलेले बॉन्ड परत जोडले जातात, केस पहिल्यासारखे होतात,’ असं म्हणाले. चौदा हजार एकदम काढायला मन धजत नाही. पण जानेवारीत भाचीचं लग्न आहे, त्याआधी मुळं आणि हायलाइट्स दोन्ही पुन्हा करायचंय, म्हणून टाळताही येत नाही.

थोडं वाचलंय. हा प्रकार 2014च्या सुमारास ओलाप्लेक्स या कंपनीने लोकप्रिय केला, क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली या कॅलिफोर्नियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला रेणू तयार केला, नंतर वेला, श्वार्झकॉफ, लॉरिआल सगळ्यांनीच आपापले प्रकार आणले, इथपर्यंत कळलं. पण आधीच खराब झालेल्या केसांवर याचा कितपत उपयोग होतो? घरी लावायचं ओलाप्लेक्स नंबर तीन किंवा के-18 हे तसलंच दुसरं उत्पादन घेतलं तर तेवढंच काम होतं का? आणि आमच्या सोसायटीत अर्धं वर्ष टँकरचं, बोअरचं पाणी येतं, त्याचा काही संबंध असेल का? कोणी स्वतः करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, माझं ठाण्यात स्वतःचं पार्लर आहे आणि ही ट्रीटमेंट मीही देते. तरी स्पष्ट सांगते, चार सिटिंगचं पॅकेज घेऊ नका.

बॉन्ड बिल्डरचा, म्हणजे या ट्रीटमेंटमधल्या द्रव्याचा, खरा उपयोग ब्लीच चालू असताना. ओलाप्लेक्सचा नंबर एक आम्ही ब्लीचच्याच वाडग्यात मिसळतो, ब्लीच धुतल्यावर नंबर दोन लावतो. नुकसान होत असतानाच ते थोडं आवरलं जातं. हायलाइट्स करताना तुम्हाला हे लावलं होतं का, ते आधी विचारा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, डेव्हलपर, म्हणजे ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण, किती व्हॉल्यूमचा (तीव्रतेचा) वापरला? वीस व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, तीस म्हणजे 9, चाळीस म्हणजे 12. आपल्या काळ्या केसांतून मधाचा रंग एका बैठकीत काढायचा म्हणून घाईघाईने चाळीस लावणारे मी पाहिलेत. बॉन्ड बिल्डर घातलंय म्हणून जास्त कडक ब्लीच चालेल, असं समजणारेही पाहिलेत. तसं होत नाही.

लग्नासाठी सांगते. ज्या बटा एकदा ब्लीच झाल्या आहेत त्यांना पुन्हा ब्लीच लागता कामा नये. फक्त मुळाशी वाढलेला काळा भाग हलका करायचा, तोही वीस व्हॉल्यूमने, बॉन्ड बिल्डर मिसळून. खालच्या लांबीला नुसता ॲसिडिक टोनर किंवा ग्लॉस (ब्लीच न करता वरून छटा देणारा सौम्य रंग), त्याने रंग ताजा दिसतो आणि चमक येते. ब्लीच खाली उतरू नये म्हणून जुन्या भागाला आधी कंडिशनर फासून ठेवतात, तसं करायला सांगा. हे करायला हात सावकाश चालावा लागतो, म्हणून शनिवार-रविवारच्या गर्दीत जाऊ नका.

आणि बाटली बघायला मागा. हल्ली केराटिन, हेअर बोटॉक्स, बॉन्ड रिपेअर ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. लेबलवर ग्लायऑक्सिलिक ॲसिड लिहिलेलं असेल आणि वर स्ट्रेटनर फिरवणार असतील तर ती स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ-गुळगुळीत करण्याची ट्रीटमेंट आहे. त्या रसायनानंतर किडनीला इजा झाल्याचे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत, 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्येही अशी एक केस छापून आली होती. माझ्याकडे मी ते बंद केलंय.

प्रतिसाद:

वरच्या ताईंशी सहमत. मी कॉस्मेटिक्सच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, त्यामुळे ‘बॉन्ड जोडले जातात’ या वाक्याबद्दल बोलते.

केसातलं केराटिन हे प्रथिन ज्या डायसल्फाइड बंधांनी घट्ट राहतं ते सिस्टीन या अमिनो ॲसिडमधल्या गंधकाचे असतात. ब्लीचमधलं पेरॉक्साइड आणि परसल्फेट केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन फोडताना हे बंधही फोडतं, आणि त्यातल्या बऱ्याच गंधकाचं ऑक्सिडेशन पार पुढे जाऊन सिस्टिक ॲसिड तयार होतं. तिथून तो बंध परत जुळत नाही. म्हणून ‘पहिल्यासारखे होतात’ हे खरं नाही. ओलाप्लेक्समधला बिस-अमायनोप्रोपिल डायग्लायकॉल डायमेलिएट हा घटक अजून मोकळ्या असलेल्या टोकांना धरून नवा पूल बांधतो, असा कंपनीचा दावा आहे. यावरच्या चाचण्या बहुतेक कंपन्यांच्याच. मात्र ही उत्पादनं आम्लधर्मी असतात, ब्लीचने फुगलेला केस त्यामुळे आवळतो, विंचरताना कमी तुटतो. वापरणाऱ्याला फरक जाणवतो तो खोटा नसतो, पण तो टिकवायला पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

ब्लीचने आणखी एक गोष्ट जाते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. केसाच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावर स्निग्ध पदार्थाचा एक पातळ थर असतो, त्यामुळे पाणी केसावर ठरत नाही. ब्लीचमधल्या अल्कलीने तो निघतो. मग केस पाणी पितो, वाळायला वेळ लागतो, गुंता होतो. बॉन्ड रिपेअर हा थर परत आणत नाही. तिथे कंडिशनर, सिलिकोन सीरम आणि आपलं खोबरेल तेल कामाला येतं. मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. ब्लीच केलेल्या केसांतही प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली, बाकी दोघांनी नाही. कंपनी तेल विकणारी आहे हे धरून वाचायचं, पण कारण पटण्याजोगं आहे: लॉरिक ॲसिडची साखळी आखूड आणि सरळ, ती केसाच्या आत शिरते. न्हाण्याआधी लावा, नंतर नाही.

घरगुतीबद्दल: नंबर तीनमध्ये सक्रिय घटक तोच असतो. शॅम्पूआधी ओलसर केसांना दहा मिनिटं तरी लावून ठेवायचं, मग धुवून शॅम्पू-कंडिशनर. तो स्वतः कंडिशनर नव्हे, म्हणून पुढचं टाळू नका. के-18 पेप्टाइडवर आधारलेलं आहे, ते शॅम्पूनंतर कंडिशनर न लावता टॉवेलने टिपलेल्या केसांवर लावतात आणि धुवत नाहीत. दोन्ही एकदम घेऊ नका, एकाचा परिणाम बघा.

प्रतिसाद:

पाण्याचा संबंध आहे. आमच्याकडेही बोअरच. त्यातल्या क्षारांनी केस राठ होतात, आणि पाण्यातून, नळांतून तांबं-लोखंड केसात साठलं असेल तर पेरॉक्साइडशी त्याची प्रतिक्रिया होऊन नुकसान वाढतं. ब्लीचच्या आधी क्षार काढणारा, म्हणजे चिलेटिंग शॅम्पू करायला सांगा. पूर्वी कधी तयार ‘काळी मेंदी’ लावली असेल तर तेही सांगा. काहींत धातूंचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं तर केस तापून जळू शकतो.

प्रतिसाद:

मला पॅकेजचा उपयोग झाला म्हणून लिहिते. माझे केस कुरळे आणि पूर्ण ब्लीच केलेले, जवळजवळ चंदेरी. दर वेळी रंगाबरोबर सलॉनमध्ये बॉन्ड ट्रीटमेंट घेते, तिच्याविना एवढे हलके केस राखणं मला जमलं नसतं. पण तुमच्यासारख्या थोड्या बटा असतील, बाकी गडद रंग असेल, तर एवढा खर्च कशाला? गडद रंगाला ब्लीच लागत नाही, त्याला बॉन्ड रिपेअरची गरजच नाही.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. सलॉनमध्ये फोन करून विचारलं. डेव्हलपर तीस व्हॉल्यूमचा होता, बॉन्ड बिल्डर मिसळलं नव्हतं, ‘ते ॲड-ऑन असतं’ म्हणाले. पॅकेज नको म्हणून सांगितलंय. लग्नाच्या आधी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची वेळ घेतेय, फक्त मुळं, वीस व्हॉल्यूम, बॉन्ड बिल्डर त्यातच, खाली टोनर. तोपर्यंत नंबर तीन आणि न्हाण्याआधी खोबरेल.

एक शेवटचं विचारते. भांगाजवळचे ते आखूड, रबरी केस कापून टाकावेत का? कापले तर पुढे फारच विरळ दिसेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद:

ठाण्याहून परत मीच. सरसकट कापू नका. जिथे ताणल्यावर केस परत येत नाही तेवढाच भाग, टोकाकडून थोडाथोडा, दर दीड-दोन महिन्यांनी काढत जा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्या हिशेबाने वर्षभरात पुढचे केस हनुवटीच्या जवळ येतील. तोवर त्या भागाला ब्लीच नाही, स्ट्रेटनर नाही, आणि लग्नात अंबाडा घालणार असाल तर बॅककोंबिंग (उलटं विंचरून केस फुगवणं) करू देऊ नका. थोडे केस पुढे मोकळे सोडून, बाकी सैल बांधून घ्या.