खाण्यावर व्हायरस फवारून लिस्टेरिया हा जंतू मारायचा, तुम्हाला पटतं का?

जर्सीकर_आई: मी न्यू जर्सीत, सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, कच्च्या दुधाचं चीज बंद, डेलीतले (म्हणजे तयार मांसाच्या दुकानातले) मांसाचे काप गरम केल्याशिवाय खायचे नाहीत, कारण लिस्टेरिया. आईला नुसता ताप येतो पण बाळ जाऊ शकतं. मग वाचलं की इथल्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००६ मध्येच सहा फेजचं मिश्रण अशा तयार मांसावर फवारायला परवानगी दिलीय. फेज म्हणजे बॅक्टेरियालाच मारणारा व्हायरस. मला नाही पटत हे. २०२४ मध्ये बोअर्स हेड या मांस कंपनीच्या व्हर्जिनियातल्या प्लांटमुळे ६१ जण आजारी पडले, १० गेले, आणि तपासणीच्या नोंदींत बुरशी, किडे, छतातून टपकणारं पाणी. तिथे फवारा हा उपाय आहे का? आधी झाडूपोछा करा ना!

लाइन_क्वालिटी: ताई, काळजी समजते पण मत पटलं नाही. डेअरीत क्वालिटीला आहे म्हणून सांगतो, 'स्वच्छ ठेवा' म्हणणं सोपं आहे. हा जंतू फ्रिजमध्ये ४ डिग्रीलाही वाढतो. आमच्याकडे एका ड्रेनचा स्वॅब सलग तीन आठवडे पॉझिटिव्ह, दर वेळी फ्रेझर ब्रॉथ (लिस्टेरिया असला की काळं पडणारं तपासणीचं द्रव) काळाकुट्ट, रोज फोम मारून धुतोय तरी तेच. शेवटी वरच्या कन्व्हेयरचा पोकळ रोलर कापला, आत पांढरट बुळबुळीत थर, आणि तेच पाणी थेंब थेंब ड्रेनमध्ये उतरत होतं. २००८ ला कॅनडात मेपल लीफ या मांस कंपनीचं हेच झालं, सफाई व्हायची पण जंतू स्लायसरच्या आत खोलवर, २० हून जास्त माणसं गेली. म्हणून सफाईच्या वर अजून एक कडी हवीच.

सोवेटो_आठवा: दादा, अजून एक कडी हवी हे मान्य, पण ती फवाऱ्याची नको, शोधायची हवी. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये हजारावर रुग्ण, दोनशेच्या वर मृत्यू, त्यात नवजात बाळं किती तरी. उगम सापडायला वर्ष उलटलं. सोवेटोच्या एका पाळणाघरातली नऊ मुलं जुलाब-उलट्या होऊन हॉस्पिटलात आली तेव्हा कुठे कुणीतरी तिथला फ्रिज उघडून पोलोनी (म्हणजे स्वस्तातलं सॉसेज) तपासायला नेली, आणि जनुकांचा क्रम जुळवत जुळवत धागा पोलोक्वानेच्या कारखान्यापर्यंत गेला. खाल्ल्यावर आजार कधीकधी ७० दिवसांनी दिसतो हो, इतक्या उशिरा कुणाला आठवणार काय खाल्लं होतं? पैसा सिक्वेन्सिंगवर, म्हणजे हा जनुकांचा क्रम वाचण्यावर घाला.

सूक्ष्मजीव_एमएस्सी: दोघांनाही थोडं टोकते. सिक्वेन्सिंगने उगम कळतो, पण तोवर माणसं आजारी पडलेली असतात. आणि फेज म्हणजे रामबाण नाही, कोरड्या घट्ट पदार्थावर तो जिथे पडतो तिथेच राहतो, जंतूला लागला तरच मरणार, त्यामुळे संख्या कमी होते, शून्य होत नाही. सतत एकच फेज वापरला तर त्याला दाद न देणारे जंतूही तयार होतात, म्हणून तर सहांचं मिश्रण. तो पॅकिंगच्या आधी मालावर मारावा, ड्रेनमध्ये ओतत बसू नये असं मला ठामपणे वाटतं. पण ताई, माणसाच्या पेशींना तो धरत नाही, ती भीती काढून टाका.

जर्सीकर_आई: व्हायरसची भीती गेली, खरंच थँक्यू. पण माझं मूळ म्हणणं तिथेच आहे. फवारा हाताशी आहे म्हटल्यावर मालक तो रोलर कापून बघणार आहे का? दादा, तुम्ही कापलात, सगळे कापतील?

लाइन_क्वालिटी: सगळे नाही कापणार, खरंय. लाइन अख्खा दिवस बंद ठेवायला मीही वर भांडलो होतो. म्हणून फवारा मारणाऱ्यालाही स्वॅबचे रिपोर्ट उघड करायची सक्ती हवी, एवढं तुमचं मी मान्य करतो. तोवर काप खायचेच असतील तर वाफ निघेपर्यंत गरम करा, ७४ डिग्री, आणि पाकीट फोडल्यावर आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवू नका.