संगमाच्या मॅपमधला दहाव्या टर्नचा पूर: अवघड की अन्याय?

विश्रामबाग

बॅटल फॉर वेसनॉथ इथं बरेच जण खेळतात, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 2003 पासून चालत आलेला फुकट, मुक्तस्रोत स्ट्रॅटेजी गेम आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. षटकोनी घरांचा पट, आळीपाळीनं चाल, आणि सोबत नकाशा बनवायचा एडिटर. त्यात आपल्याच हरिपूरच्या मित्रानं कृष्णा-वारणा संगमावरून सुचलेला एक सिनारिओ (नकाशासकट एक लढाई) केलाय. पश्चिम काठावर आपला गड, पूर्वेला काळ्या मांत्रिकाचा. मध्ये नदी, आणि ओलांडायला एकच उतार (पायी नदी पार करायची जागा), चार घरं लांब. अठरा टर्नमध्ये मांत्रिक मारायचा.

मॅप देखणा आहे. पण दहावा टर्न सुरू होताच पूर येतो. उताराची घरं उथळ पाणी होतात आणि नदीचं पात्र खोल पाणी. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा नवव्या टर्नला माझे पाच जण उतारावर होते. उतारावर स्पिअरमनला (भालाइताला) एका घराला एक पाऊल लागतं, उथळ पाण्यात तीन. त्याच्याकडे पावलं पाचच, म्हणजे एका टर्नला एक घर. ना पुढं जाता येईना, ना मागं. वर मांत्रिकाचे सांगाडे खोल पाण्यात उतरले की दिसेनासे होतात. आपलं युनिट शेजारच्या घरात असेल तरच दिसतात. बाराव्या टर्नला पाचातला एक उरला.

माझी तक्रार हरण्याबद्दल नाही. दुसऱ्यांदा खेळताना पूर माहीत होता, म्हणून काठावर बसून राहिलो, दोन स्पिअरमन आमिष म्हणून पुढं ठेवले, सांगाडे बाहेर आले, मारले आणि सतराव्या टर्नला जिंकलो. पहिल्यांदा जिंकणं जवळजवळ अशक्य, दुसऱ्यांदा पोरखेळ. डावपेच तेच, माणूस तोच, फक्त एक गोष्ट कळलेली. याला मी अवघड मॅप म्हणणार नाही. खेळणाऱ्याला जे कळू शकत होतं त्याचा विचार न केल्यानं तो हरला, तर मॅप अवघड. जे कळण्याची सोयच नव्हती त्यानं हरला, तर त्याच्यावर अन्याय झाला.

कराडकर

सोय नव्हती कशी? आठव्या टर्नला गावातला म्हातारा बोलतो ना, "वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस लागलाय." संवाद पटापट पुढं ढकलायची सवय असेल तर त्यात मॅपचा काय दोष?

आणि पूर बाजूला ठेवा. नववा टर्न म्हणजे दुपार. दहावा तिन्हीसांज, अकरा आणि बारा रात्र. आपली फौज दिवसाची. रात्री तिचा मार 25 टक्क्यांनी घटतो आणि सांगाड्यांचा 25 टक्क्यांनी वाढतो. उजेड संपत आलेला असताना पाच जण उतारावर नेऊन ठेवणं ही चूक पूर नसता तरी चूकच होती. पूर आला नसता तर तुम्ही पलीकडच्या काठावर, मोकळ्या गवतात, भर रात्री कापले गेला असता. मॅप सांगतो ते एवढंच: एकतर सातव्या टर्नला पहाटे पाण्यात पाय घाला, नाहीतर तेराव्या टर्नच्या पहाटेपर्यंत थांबा. मी सातव्याला निघालो. नवव्याला पलीकडं होतो, माझ्या पाठीमागं पाणी चढलं आणि माझी मदत तुटली, तो भाग खरा अवघड गेला. पण तिथं मी काय केलं, काय चुकलं हे मला सांगता येतं.

हेवी इन्फन्ट्री (चिलखती गदावाले) घेतली होतीत का? सांगाड्यांवर भाल्याचा मार 60 टक्के वाया जातो. सातचा वार भर दुपारीसुद्धा चारच बसतो, रात्री दोन. गदा लागते तिथं.

विश्रामबाग

गदा होती. दोघं होते. हेवी इन्फन्ट्रीला पावलं चार आणि उथळ पाण्याचं एक घर चार पावलांचं. ते दोघंच आधी गेले.

मिरजेची

मला दोघांचंही अर्धं पटतं, पण कोणी आकडे मांडत नाही म्हणून मी मांडते. खेळाडू अशा ठिकाणी नशिबाला शिव्या देतात, सेव्ह केलेला डाव पुन्हा पुन्हा लोड करत बसतात, आणि मॅप करणाऱ्याला वाटतं की यांना हरायचंच नाही.

उतारावर स्पिअरमनचा बचाव 40 टक्के. म्हणजे वार लागायची शक्यता 60. सांगाड्याचे तीन वार, तिन्ही लागायची शक्यता 21.6 टक्के. तेच घर उथळ पाणी झालं की बचाव 20 वर येतो. आता तिन्ही लागायची शक्यता 51.2 टक्के. रात्री सातचा वार नऊचा होतो, तीन म्हणजे 27. स्पिअरमनचं आयुष्य 36. दुसऱ्या सांगाड्याचा एक वार बसला की संपलं. माणूस हलला नाही, शत्रू वाढला नाही, फक्त घराचा रंग बदलला आणि मरण सुमारे अडीचपट जवळ आलं. फाशाला दोष देऊ नका, सगळं त्या एका बदलात आहे.

म्हणून म्हाताऱ्याचं वाक्य मला पुरेसं वाटत नाही. "पाऊस लागलाय" यातून पाणी येणार हे कळतं. कुठल्या घरावर येणार, किती चढणार, हे कळत नाही. या गेममध्ये माऊस नेला की प्रत्येक घरावरचा बचाव टक्क्यांत दिसतो. एका टक्क्याचाही हिशेब देणाऱ्या गेमनं सगळ्यात मोठा आकडा एका म्हाताऱ्याच्या तोंडात लपवावा, हे जुळत नाही.

हरिपूर घाट

मॅप माझा आहे. तीन दिवस वाचतोय, आता लिहितो.

आधी हे सांगतो की पूर सजावट म्हणून घातलेला नाही. आमच्या घरात 2005 च्या पाण्याची खूण भिंतीवर आहे. 2019 ला सगळ्यांनी त्याच खुणेवर भरवसा ठेवला. माझ्या आजोबांनी धान्याची पोती खुणेच्या वर दोन फूट चढवली आणि म्हणाले, आता काळजी नाही. पाणी त्या पोत्यांच्याही वर गेलं. पोती उतरवताना हाताला लागलेला तो फुगलेला, आंबूस गहू मी विसरलेलो नाही. खेळणाऱ्यानं पूर्ण हिशेब करून पाय टाकावा आणि हिशेबाबाहेरचं पाणी यावं, हे मला हवं होतं. ते पहिल्याच वेळी होणार, दुसऱ्यांदा नाही, हे मला माहीत आहे. मला ती पहिली वेळ हवी आहे.

तांत्रिक बाजू: दहाव्या टर्नच्या इव्हेंटमध्ये मी फक्त घरांचे कोड बदलतो. शत्रूला एकही जादा युनिट देत नाही. सोप्या, मध्यम आणि अवघड पातळीत फरक आहे तो मांत्रिकाच्या सोन्यात. पूर तिन्ही पातळ्यांवर सारखाच, कारण पाणी माणूस बघून चढत नाही.

पेव कोणाला सापडलं का? आपल्या काठावर दक्षिणेला गुहेचं एक घर आहे, आमच्याकडच्या हळदीच्या पेवासारखं (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यासारखं), त्यात साठ सोनं ठेवलंय. बाराव्या टर्नला तेही बुडतं. ते काढायला एक माणूस तीन टर्न बाजूला पाठवायचा की नाही, हा माझ्या मते मॅपमधला सगळ्यात चांगला निर्णय आहे. त्यावर इथं कोणी एक अक्षर लिहिलं नाही, याचं वाईट वाटलं.

माहुली

पेव सापडलं. घोडेस्वार पाठवला, साठ आणले, त्यात एक मेज (आगीचा मारा करणारा जादूगार) भरती केला, तेव्हा कुठं सांगाडे जळायला लागले. आगीचा मार त्यांना 20 टक्के जास्त बसतो. ती जागा खरंच छान जमलीय, दादा.

मी साताऱ्याचा, आमच्याकडं कृष्णा आणि वेण्णा मिळतात, तिथं बसूनच हे लिहितोय म्हणा. माझं म्हणणं दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे. दुसऱ्या खेळीत मॅप सोपा होतो याचं खापर पुरावर फोडू नका. सोपा होतो तो एआयमुळं, म्हणजे शत्रूच्या चाली खेळणाऱ्या कॉम्प्युटरमुळं. वेसनॉथचा एआय दिसेल त्यावर धावतो. आमिष ठेवलं की सांगाडे लपायला मिळालेलं खोल पाणी सोडून काठावर येतात आणि उन्हात मरतात. यातल्या तिघांना गार्डियन करा, म्हणजे कोणी माराच्या टप्प्यात आल्याशिवाय ते जागा सोडणार नाहीत. मग पूर माहीत असूनही उतार ओलांडणं जड जाईल. हे केलंत तर "दुसऱ्यांदा पोरखेळ" हा मुद्दाच उरत नाही.

विश्रामबाग

गार्डियनचं शंभर टक्के मान्य. तिथं मी चुकलो, दुसरी खेळी सोपी का झाली याचा मी नीट विचार केला नव्हता.

पण हरिपूर, तुझ्या मूळ मुद्द्याला माझा अजून विरोध आहे, आणि तोही आपल्याच अनुभवावरून. सांगलीत पूर न सांगता येतो का? पावसाळ्यात आपण एकमेकांना भेटलो की पहिला प्रश्न काय असतो? "आयर्विनला किती झालं?" आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. कोयना धरणातून किती सोडलं, कराडला किती आहे, इथं पोचायला किती तास, हे सगळं घराघरात बोललं जातं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, ते आपल्या खुणेपेक्षा जास्त होतं हे खरं. पण तेही फूट-फूट मोजतच चढलं. तुझ्या आजोबांनी पोती चढवली, कारण त्यांना पाणी वाढतंय हे कळत होतं. चूक झाली ती अंदाजात. तुझ्या मॅपमध्ये खेळणाऱ्याला अंदाज करायलाच मिळत नाही. नवव्या टर्नपर्यंत पाणी जागचं हलत नाही आणि दहाव्याला एकदम घात.

माझी मागणी एवढीच: उताराजवळच्या घरावर लेबल टाक. सातव्या टर्नला एक आकडा, आठव्याला त्याहून मोठा, नवव्याला आणखी मोठा. काय होणार ते सांगू नकोस. कुठल्या आकड्याला उतार बुडतो तेही सांगू नकोस. मग मी उतारावर पाच माणसं ठेवली तर ती माझी चूक.

कराडकर

लेबल टाकलं की प्रत्येक जण काठावर थांबणार. कोणीच उतारावर जाणार नाही, मग पूर कोणासाठी?

आम्ही प्रीतिसंगमावर राहतो, कोयना आमच्या डोळ्यांसमोर कृष्णेत मिळते. पाणी वाढताना बघत उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत. आकडा माहीत असतो, तरी "आणखी थोडं थांबू" म्हणून गाडी काढत नाहीत. माहिती दिली की माणूस बरोबर वागतो, हे खरं नाही.

मिरजेची

मग तुमच्याच बोलण्यानुसार लेबल टाकल्यावरही लोक उतारावर जातील की. अठरा टर्नची मर्यादा डोक्यावर आहे. तेराव्या टर्नपर्यंत थांबलं तर मांत्रिकापर्यंत जायला तेरावा धरून सहाच टर्न उरतात, आणि तिघं गार्डियन झाले तर ते पुरणार नाहीत. आकडा चढताना दिसतोय आणि वेळही संपतेय, हा खरा पेच आहे. आता तो नाहीच. आत्ता एकतर माहीत नसतं म्हणून जातो, नाहीतर माहीत असतं म्हणून जात नाही.

माहुली

पुराचा टर्न नऊ ते बारामध्ये कधीही, असा केला तर? लेबलही राहील आणि पाठांतरही होणार नाही.

कराडकर

अजिबात नको. नशीब आधीच प्रत्येक वारात आहे. दिवस-रात्र मोजून आखलेली चाल पुराच्या फाशानं मोडली तर मग मीही विश्रामबागच्या बाजूनं अन्याय म्हणेन.

हरिपूर घाट

टर्न बदलणार नाही. दहावाच. संध्याकाळ आणि पाणी एकत्र यावं म्हणूनच तो निवडला होता.

गार्डियन तीन करतोय, उताराच्या खालच्या अंगाला. मर्यादा अठराची वीस करणार नाही, मिरजेच्या ताईंनी ती का हवी ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. लेबलावर दोन रात्री विचार केला. आजोबांनाही विचारलं. गेम काय ते त्यांना कळत नाही, पण मी विचारलं, "त्या वर्षी आकडा कळला नसता तर?" ते म्हणाले, "तर पोती खालीच राहिली असती, आणि आम्हीपण." म्हणून लेबल टाकतोय. सातव्या टर्नपासून, उताराजवळच्या घरावर, नुसता आकडा. म्हाताऱ्याचं वाक्य आठव्याला आहे तसंच राहील.

रविवारी रात्री नवी आवृत्ती चढवतो.

विश्रामबाग

अवघड पातळीवर खेळतो, एकदाही लोड न करता. रिप्ले इथंच टाकेन, हरलो तरी.

कराडकर

जुनी आवृत्ती काढून टाकू नकोस, हरिपूर. माझा धाकटा भाऊ सुट्टीत येतोय, त्याला आधी तीच खेळायला देणार आहे.