मदत हवी आहे: माइनक्राफ्टमध्ये लामांचा तांडा नदीपार कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडचा, वय विचारू नका. मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याने माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमचं वेड लावलं. त्याची शाळा सुरू झाली, माझं वेड काही सुटलं नाही.

सर्व्हायव्हल मोड, म्हणजे सगळं स्वतः मिळवायचं आणि जीव सांभाळायचा; चीट, म्हणजे फसवे शॉर्टकट, बंद. जुनं घर मोडून सगळा संसार नदीपलीकडे हलवायचाय. गाढव असतं तर पाठीवर चेस्ट (सामानाची पेटी) चढवली की सरळ पंधरा स्लॉट, म्हणजे कप्पे. पण आसपास सापडले ते सहा लामा, उंटासारखी ओझी वाहणारी जनावरं. लामाची ताकद एक ते पाच, एका ताकदीला तीन स्लॉट, आणि चेस्ट लावून बघेपर्यंत आकडा कळत नाही. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या गाढवांच्या बाजारात लोक निदान दात तरी बघून घेतात हो! माझा सगळ्यात रुबाबदार पांढरा लामा तीन स्लॉटचा निघाला. चढवलेली चेस्ट परत हवी तर जनावर मारावं लागतं. ते माझ्याच्याने होत नाही.

एकाला लीड (दोरी) बांधली की बाकीचे लमाणांच्या तांड्यासारखे ओळीने मागून येतात. काल नदीत उतरलो. दोघे पोहत आले, तिसरा काठावर थबकला आणि उरलेले त्याच्याच मागे उभे. मी जरा पुढे गेलो तर लीडच तुटली. तेवढ्यात रात्र झाली, लांडगा आला, लामा त्याच्यावर थुंकत सुटले. माझं सगळं लोखंड त्या तिसऱ्याच्या पाठीवर!

पूल बांधू का? आणि दोन दणकट लामांचं पिल्लू दणकटच होतं का?

प्रतिसाद: काका, पुलाच्या भानगडीत पडू नका. काठाला होडी लावा आणि हळूच लामाला धडकवा, तो आपोआप आत बसतो. दुसऱ्या जागेवर तुम्ही. पलीकडे गेल्यावर होडी फोडली की लामा मोकळा. दिवसा करा आणि अलीकडच्यांना आधी कुंपणात घाला. पिल्लासाठी दोघांना गवताचे भारे चारा. पिल्लाची ताकद एकपासून दणकट पालकाइतकी काहीही निघते, क्वचित एकने जास्त. म्हणजे नशीबच.

धागाकर्ता: जमलं रे! चार फेऱ्या मारायच्या होत्या, तीन मारल्या. पांढरा होडी दिसली की उलट्या दिशेने चालायला लागतो. तूर्तास त्याला अलीकडेच कुंपण घालून ठेवलंय. तसंही त्याच्या पाठीवर नुसते बटाटे आहेत.